आंतरपृष्ठावर आधी कोण पोहोचते? प्रथिन-औषधे आणि पॉलिमर नॅनोकॉम्पोझिट यांविषयी एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेताना प्रथिन-औषधे काचेवर, रबरी बुचावर आणि हवेच्या पृष्ठावर बसून खराब होऊ नयेत यासाठीचे उपाय अभ्यासले. आता महापे येथील एका कंपाउंडिंग (पॉलिमरमध्ये इतर घटक मिसळण्याच्या) कारखान्यात तिला सिलिकाचे नॅनोकण पॉलिमरला पक्के धरतील असे करण्याच्या प्रकल्पावर घेतले आहे. एकीकडे चिकटणे हा दोष आणि दुसरीकडे तोच गुण असेल, तर आंतरपृष्ठीय आंतरक्रियांचे, म्हणजे दोन पदार्थ जेथे भेटतात त्या सीमेवर रेणू एकमेकांशी कसे वागतात याचे, नियंत्रण हा एकच विषय कसा मानायचा, आणि दोन्हीकडे उपयोगी पडेल अशी कामाची सुरुवात कोठून करायची, असे तिने विचारले आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी दोन्ही प्रकारची कामे केली आहेत. आधी इंजेक्शनच्या स्वरूपातील प्रथिन-औषधांच्या फॉर्म्युलेशनचे आणि पुढे रबर व नायलॉनच्या कंपाउंडिंगचे. त्या कामावरून माझे ठाम मत झाले आहे की, चिकटणे विरुद्ध न चिकटणे ही विभागणी बाजूला ठेवल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही. कोणतेही आंतरपृष्ठ रिकामे राहत नाही. त्याची मुक्त ऊर्जा कमी करणारा जो रेणू तेथे आधी पोहोचतो तो जागा घेतो, आणि मागाहून येणारा अधिक बळकट रेणू त्याला हटवू शकतो किंवा हटवू शकत नाही. रक्तातील प्रथिनांच्या बाबतीत हा क्रम रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांच्या कामामुळे सर्वांना ठाऊक झाला : काचेवर आधी बसलेल्या फायब्रिनोजेनला काही वेळाने उच्च रेणुभाराचे किनिनोजेन हटवते. म्हणून दोन्ही क्षेत्रांत विचारायचे प्रश्न तेच आहेत. पृष्ठ किती आहे, त्यावर आधी कोण पोहोचणार आहे, आणि पोहोचलेला रेणू सुटू शकेल की कायमचा अडकेल?

पहिला प्रश्न निव्वळ गणिताचा आहे आणि तोच सर्वाधिक टाळला जातो. गोल कणांचे प्रतिग्रॅम पृष्ठफळ काढण्यासाठी ६ या आकड्याला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागावे लागते. सिलिकाची घनता घनसेंटिमीटरला २.२ ग्रॅम आणि कणाचा व्यास २० नॅनोमीटर धरला, तर उत्तर प्रतिग्रॅम सुमारे १३६ चौरस मीटर येते. एक किलो कंपाउंडमध्ये ५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम सिलिका असेल, तर त्या किलोभर मालात सुमारे ६,८०० चौरस मीटर, म्हणजे दीड एकराहून अधिक आंतरपृष्ठ दडलेले असते. तेवढ्याच वजनाचे कण २० मायक्रॉनचे असते, तर हे पृष्ठ सात चौरस मीटरही भरले नसते. नॅनोकॉम्पोझिटचे, म्हणजे नॅनोकण मिसळलेल्या पॉलिमरचे, सगळे गुण आणि सगळी दुखणी या हजारपट फरकातून येतात.

औषधाच्या बाटलीतले गणित उलट दिशेने जाते. लहान व्हायलमधले एक मिलिलिटर द्रव साधारण पाच चौरस सेंटिमीटर काचेला टेकते. प्रथिनाचा एक थर बसला तर चौरस मीटरला १ ते ३ मिलिग्रॅम एवढे प्रथिन लागते. मधला आकडा घेतला तर काचेवर बसणारे प्रथिन एक मायक्रोग्रॅमच्या आसपास भरते. द्रावणात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषध असेल तर ही घट मोजण्यातसुद्धा येणार नाही. पण तेच द्रावण मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इतके विरल असेल, तर औषधाचा दहावा हिस्सा काचेवर गेला. ब्लिनाट्यूमोमॅब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाची नेहमीची मात्रा दिवसाला २८ मायक्रोग्रॅम एवढी अल्प असते, आणि म्हणून त्याच्यासोबत पॉलिसॉर्बेट ८० (साबणासारखा पृष्ठसक्रिय रेणू) असलेले वेगळे स्थिरकारी द्रावण दिले जाते. ते सलाइनच्या पिशवीत औषधाच्या आधी घालायचे असते. आधी औषध आणि मग स्थिरकारी असे केले, तर पिशवीत गेलेले घटक तेच असतील, पण पिशवीची आतील बाजू तोवर औषधाने व्यापलेली असेल. येथे उपाय रसायनाइतकाच क्रमात आहे.

इन्शुलिनच्या बाबतीतही ठाण्याच्या किंवा वाशीच्या कोणत्याही अतिदक्षता विभागात हेच पाहायला मिळते. शिरेतून देण्यासाठी इन्शुलिन विरल केले की ते प्लॅस्टिकच्या नळीवर बसते आणि पहिल्या काही तासांत रुग्णाला ठरवलेल्यापेक्षा कमी मात्रा मिळू शकते. म्हणून अनुभवी परिचारिका नळी जोडण्यापूर्वी साधारण २० मिलिलिटर द्रावण नळीतून वाहू देऊन टाकून देतात. ती नळी इन्शुलिननेच भरून घेतली जाते, म्हणजे पुढे येणाऱ्या इन्शुलिनला बसायला जागा उरत नाही. फॉर्म्युलेशन शिकणाऱ्या प्रत्येकाने ही कृती एकदा रुग्णालयात जाऊन पाहावी असे मला मनापासून वाटते.

तरीही प्रथिन कमी होणे ही लहान अडचण आहे. खरा धोका प्रथिनाचे रूप बदलण्यात आहे. प्रथिनाचे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर येतात, कारण त्यांच्या घडीत दडलेले जलविरोधी भाग तेथे हवेकडे उघडता येतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो आणि प्रथिन मिसळल्यावर तो हळूहळू पन्नाशीच्या घरात उतरतो. उतरण्याचा हा वेग मोजला की सीमेवर प्रथिन किती लवकर थर धरते ते कळते. थर नुसता बसून राहिला तर फार बिघडत नाही. बाटली हलली की पृष्ठ आक्रसते आणि पुन्हा पसरते. आक्रसताना थर दुमडतो आणि त्याचे तुकडे द्रावणात सुटतात, पसरताना नवी मोकळी जागा तयार होते आणि तेथे नवे रेणू येतात. तापवलेल्या दुधावरची साय ढवळल्यावर जशी कण होऊन दुधात फिरू लागते आणि वर पुन्हा नवी साय धरते, तसेच हे घडते. फरक एवढाच की औषधातले हे कण शरीरात गेल्यावर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची भीती असते. त्यामुळे एकूण पृष्ठ किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पृष्ठ मिनिटाला किती वेळा नवे होते हेही महत्त्वाचे असते.

यासंबंधी एक गैरसमज मी कारखान्यांत सतत पाहिला आहे. पंपानंतर किंवा गाळणीनंतर कण वाढले की दोष ‘शिअर’ला, म्हणजे द्रवाच्या थरांमधील घासण्याला, दिला जातो. गोलाकार प्रथिनाची घडी केवळ घासण्याने उलगडायला सेकंदाला कोटीच्या घरातील शिअर दर लागतो, आणि नेहमीच्या पंपात तो मिळत नाही. तेथे वास्तवात बुडबुडे असतात, पिस्टन आणि सिलिंडर यांतील घासणारे धातूचे पृष्ठ असते, किंवा पेरिस्टाल्टिक पंपात दर फेरीला ताणली आणि सैल होणारी सिलिकॉनची नळी असते. आणि या प्रत्येक ठिकाणी थर बसणे व सुटणे हेच चक्र चाललेले असते. याची परीक्षा सोपी आहे. एक व्हायल नेहमीप्रमाणे वर हवा ठेवून भरावी, दुसरी हवेचा बुडबुडाही राहणार नाही अशी काठोकाठ भरावी, आणि दोन्ही एकाच शेकरवर सारख्या वेगाने हलवाव्यात. काठोकाठ भरलेली व्हायल स्वच्छ राहिली, तर दोषी हवेचे पृष्ठ आहे.

या सगळ्यावरचा रूढ उपाय म्हणजे पॉलिसॉर्बेट २० किंवा ८०, क्वचित पोलॉक्झॅमर १८८. हे लहान रेणू प्रथिनापेक्षा लवकर सीमेवर पोहोचतात, जागा व्यापतात आणि पृष्ठ आक्रसले तरी पुंजके न करता सुटून पुन्हा बसतात. पॉलिसॉर्बेट ८० चे मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, बनण्याचे प्रमाण लिटरला १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, पण औषधात ते लिटरला १०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम इतके घातले जाते. हे अतिरिक्त प्रमाण उधळपट्टी नाही. सारखी नवी होणारी पृष्ठे भरून काढायला साठा लागतो आणि औषधाच्या आयुष्यात पॉलिसॉर्बेट स्वतः विघटित होत जाते. त्याच्या पॉलिऑक्सिएथिलीन साखळ्या हवेतील ऑक्सिजनने ऑक्सिडाइझ होऊन पेरॉक्साइडे बनतात, आणि ज्या पेशींत प्रथिन तयार केले त्या पेशींचे लायपेज (मेद तोडणारे विकर) शुद्धीकरणातून अल्पांशाने निसटले, तर ते पॉलिसॉर्बेटमधील एस्टर बंध तोडून मुक्त मेदाम्ले सोडतात. ही मेदाम्ले थंड साठवणीत कण बनून दिसू लागतात. कणांची तक्रार आली की पॉलिसॉर्बेट वाढवायचे, ही सवय म्हणून घातक ठरते. कण प्रथिनाचे आहेत की मेदाम्लाचे, हे आधी ठरवले पाहिजे.

यात एक बाब पुस्तकांत क्वचितच नीट सांगितलेली असते. पॉलिसॉर्बेटचे मायसेल अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (प्रथिनाचे द्रावण दाट करणाऱ्या अतिसूक्ष्म गाळणीच्या) पटलावर अडतात आणि त्याचे प्रमाण हाताबाहेर जाते, म्हणून ते प्रथिनाचे द्रावण दाट केल्यानंतर, अगदी शेवटी घातले जाते. याचा अर्थ असा की, प्रथिन सर्वाधिक वेळा पंपातून फिरते त्या टप्प्यावर त्याला कोणतेच संरक्षण नसते. तेथे बुडबुडे टाळणे, परतीच्या नळीचे तोंड द्रवाखाली ठेवणे आणि टाकीतील ढवळणी भोवरा होणार नाही इतक्या वेगाने चालवणे, हीच नियंत्रणाची साधने उरतात. पुढे रुग्णालयात औषध सलाइनमध्ये शंभरपट विरल केले, की लिटरला २०० मिलिग्रॅमचे पॉलिसॉर्बेट २ मिलिग्रॅमवर येते, म्हणजे मायसेल बनण्याच्या प्रमाणाच्याही खाली, आणि तीच पिशवी वॉर्डबॉयच्या हातात हेलकावत वरच्या मजल्यावर जाते. पिशवीतील हवा आधी काढून टाकण्याचा सल्ला यासाठीच द्यावा लागतो.

पूर्वभरित सिरिंजमध्ये आणखी एक पृष्ठ वाढते, ते दट्ट्या सहज सरकावा म्हणून काचेला लावलेल्या सिलिकॉन तेलाचे. तेल आणि हवेचा बुडबुडा या दोघांच्या संगतीत हलवल्यास कण नुसत्या तेलापेक्षा बरेच अधिक होतात, म्हणून तेल काचेवर भाजून पक्के करणे आणि बुडबुडा लहान ठेवणे या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. सुई बसवण्याचे छिद्र घडवताना वापरलेल्या टंगस्टनच्या खिळ्याचे अंश काही प्रथिनांचे पुंजके करतात, हेही सिद्ध झालेले आहे. आणि तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या प्रथिनाचे औषध असलेल्या एपोएटिन अल्फाचे प्रकरण तर प्रत्येक फॉर्म्युलेशनवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे. १९९८ मध्ये युरोपात विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनातून मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. पुढील काही वर्षांत मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये, विशेषतः त्वचेखाली औषध घेणाऱ्यांमध्ये, शरीराने स्वतःच्याच एरिथ्रोपोएटिनविरुद्ध प्रतिपिंडे बनवून तांबड्या पेशींची निर्मिती थांबवल्याच्या घटना वाढल्या. नेमक्या कारणाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, पण पॉलिसॉर्बेटने लेप नसलेल्या रबरी बुचातून पदार्थ ओढून घेतले हा एक प्रमुख संशय होता आणि फ्लुओरोपॉलिमरचा लेप असलेले बूच वापरण्यात आले. एका पृष्ठाचे रक्षण करायला आणलेला रेणू दुसऱ्या पृष्ठावर काय करील, याचा विचार फॉर्म्युलेशनच्या पहिल्या दिवशीच झाला पाहिजे.

आता महापेच्या कामाकडे वळतो. सिलिकाच्या पृष्ठावर दर चौरस नॅनोमीटरला चार ते पाच सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले -OH) गट असतात. ते एकमेकांशी हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे कणांना रबरापेक्षा आपापसांत राहणे सोयीचे असते. टायरमध्ये यावर काढलेला तोडगा सर्वज्ञात आहे. मिशेलिनने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या सिलिकायुक्त ‘हरित’ टायरमागे दोन टोकांचा सिलेन (सिलिकॉनयुक्त जोडरेणू) आहे : त्याचे इथॉक्सी टोक मिक्सरमध्ये सिलिकाशी जोडले जाते आणि गंधकाचे टोक व्हल्कनायझेशनच्या (तापवून रबर पक्के करण्याच्या) वेळी रबराशी. येथेही सगळे क्रमावर अवलंबून आहे. मिक्सरमध्ये माल साधारण १४० ते १५५ अंशांवर काही मिनिटे धरला, तर सिलिकाशी बंध होतो आणि इथेनॉल बाहेर पडते. तापमान याहून फार वर गेले, तर गंधकाचे टोक वेळेआधीच रबराशी भिडते आणि कंपाउंड मिक्सरमध्येच घट्ट होऊ लागते. झिंक ऑक्साइड सिलिकाच्या पृष्ठासाठी सिलेनशी स्पर्धा करते, म्हणून ते नंतरच्या टप्प्यात घालणे श्रेयस्कर. ब्लिनाट्यूमोमॅबच्या पिशवीत आणि या मिक्सरमध्ये विचाराची पद्धत तीच आहे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

सिलेनचे प्रमाणही पृष्ठफळावरून ठरवावे. प्रतिग्रॅम १७५ चौरस मीटरच्या सिलिकासाठी वजनाच्या साधारण ८ टक्के हा रबर उद्योगातील प्रचलित अंदाज आहे. पुरवठादाराने अधिक बारीक सिलिका पाठवली आणि तुम्ही प्रमाण तेच ठेवले, तर काही पृष्ठ उघडे राहणारच. आणि आपल्याकडच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीच्या बाजूच्या शेडमध्ये सिलिकाची पोती उघडी पडली की ती ओलावा घेतात, सिलेनचे पिंप वरचेवर उघडले की तो सिलिकापर्यंत पोहोचण्याआधीच पाण्याशी प्रक्रिया करून आपसांत जोडला जातो, आणि नायलॉनचे दाणे नीट वाळवले नाहीत तर एक्सट्रूडरमध्ये त्याच्या साखळ्या तुटतात. उन्हाळ्यात उत्तम आलेला माल पावसाळ्यात बिघडला तर कृती बदलण्याआधी गोदामातील आर्द्रता पाहावी.

नायलॉन आणि मातीच्या नॅनोकॉम्पोझिटने हे क्षेत्र प्रसिद्धीस आणले. टोयोटाच्या केंद्रीय संशोधन प्रयोगशाळेत मॉन्टमोरिलोनाइट या मातीतील खनिजाच्या एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांमध्ये आधी अमिनो आम्ल आणि मग कॅप्रोलॅक्टम (ज्यापासून नायलॉन ६ बनते तो रेणू) घुसवून, नायलॉन ६ ची साखळी पापुद्र्यांच्या आतच वाढवण्यात आली. पाच टक्क्यांहून कमी मातीने भाराखाली वाकण्याचे तापमान सुमारे ६५ अंशांवरून १४० अंशांपलीकडे गेले. तयार पॉलिमर वितळवून मातीत मिसळणे स्वस्त असते, पण मातीवर लावलेले चतुष्क अमोनियम संयुग १८० ते २०० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते आणि नायलॉन ६ तर २२० अंशांना वितळते. वितळवून मिसळताना पृष्ठावरचा लेपच जळतो, हे अनेक प्रकल्पांच्या अपयशाचे साधे कारण असते. पॉलिप्रॉपिलिनसारख्या अध्रुवीय पॉलिमरला मातीशी बोलणेच जमत नाही, म्हणून त्यात मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलिन मध्यस्थ म्हणून घालावे लागते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा : घट्ट चिकटलेच पाहिजे का? नेहमी नाही. वरच्या उदाहरणातील ५ टक्के सिलिका पूर्ण विखुरली, तर दोन कणांच्या पृष्ठांमधील अंतर अवघे ४० नॅनोमीटर भरते. पॉलिमर सिलिकाला अतिशय घट्ट धरत असेल, तर लांब साखळी एका कणावरून दुसऱ्या कणावर जाऊन पूल बांधते, वितळलेला माल जेलसारखा होतो आणि साच्यात नीट वाहत नाही. उलट पॉलिप्रॉपिलिनमध्ये कॅल्शियम कार्बोनेट घालताना त्यावर स्टिअरिक आम्लाचा लेप मुद्दाम देतात. आघाताच्या वेळी कण पॉलिमरपासून सुटतात, भोवती सूक्ष्म पोकळ्या होतात आणि त्या पोकळ्यांभोवतीचा पॉलिमर ताणला जाऊन ऊर्जा शोषतो. तेथे सुटणे हाच गुण आहे. कणावर पॉलिमरच्या साखळ्या कलम केल्या, म्हणजे एका टोकाने जोडल्या, तरी काम संपत नाही : दाट कलम केलेल्या साखळ्या आखूड आणि भोवतालच्या पॉलिमरच्या साखळ्या त्यांच्याहून बऱ्याच लांब असतील, तर रसायन तंतोतंत एकच असूनही एन्ट्रॉपीमुळे (साखळ्यांना हवे तसे पसरण्याचे स्वातंत्र्य कमी होत असल्यामुळे) पॉलिमर त्या कणांना दूर सारतो आणि कण गोळा होतात. पॉलिस्टायरिनचे कलम पॉलिस्टायरिनमध्ये न मिसळताना पाहिले, की आंतरक्रिया म्हणजे केवळ आकर्षण नव्हे हे पटते.

सुरुवात कोठून करायची, याचे माझे उत्तर असे की नवी रसायने मागवण्याआधी दोन आठवडे मोजमापाला द्यावेत. सिलिकाचे पृष्ठफळ नायट्रोजन शोषणाने स्वतः मोजा, पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नका. लेप किती बसला ते तापवून वजनातील घट मोजून काढा आणि तो आकडा ग्रॅमऐवजी दर चौरस नॅनोमीटरला किती रेणू, असा लिहा. कंपाउंडचा नमुना टोल्युइनमध्ये ठेवून सिलिकाला बांधलेले किती रबर न विरघळता उरते ते पाहा, आणि रिओमीटरवर (पदार्थाचे वाहणे व ताठरपणा मोजणाऱ्या यंत्रावर) ताण वाढवत नेताना मापांक, म्हणजे ताठरपणा, किती कोसळतो ते पाहा. बांधलेले रबर भरपूर आणि कोसळणे थोडे, तर कण विखुरलेले व पॉलिमरने धरलेले आहेत, बांधलेले रबर थोडे आणि कोसळणे मोठे, तर कण एकमेकांनाच धरून आहेत. प्रथिनांच्या बाजूला याच जागी विद्राव्य पुंजक्यांसाठी आकारवर्जन क्रोमॅटोग्राफी (रेणू आकारानुसार वेगळे करणारी पद्धत) आणि कणांसाठी प्रकाश-अवरोध मोजणी (कणांनी अडवलेल्या प्रकाशावरून त्यांची गणना) येते, ज्यात १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीला अमेरिकी औषधकोशाची मर्यादा १० मायक्रॉन व त्याहून मोठ्या कणांसाठी ६,००० आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठ्यांसाठी ६०० अशी आहे.

थराची जाडी आणि घडण प्रत्यक्ष पाहायची असेल, तर खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विकिरणाची उपकरणे आहेत आणि विद्यापीठांतील संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या, अणुऊर्जा विभागाच्या सुविधा विद्यापीठांना खुल्या करणाऱ्या संस्थेमार्फत तेथे प्रस्ताव देता येतो. साध्या आणि जड पाण्याचे मिश्रण बदलून नको असलेला घटक न्यूट्रॉनला अदृश्य करता येतो : जड पाणी सुमारे ४२ टक्के असता प्रथिन दिसेनासे होते आणि ६० टक्क्यांच्या आसपास सिलिका. प्रस्ताव लिहिताना दोन्ही प्रमाणांतील आणि निव्वळ जड पाण्यातील नमुने मागून घ्या, आणि कणांची कोरडी भुकटी न नेता पाण्यात आधीच विखुरलेली सिलिका न्या, कारण एकदा गोळा झालेले कण तेथे पुन्हा सुटे करायला वेळ मिळत नाही.